‘सद्गती’: जुनी कॅसेट घ्यावी की डिस्क?

सत्यजित राय यांनी 1981 साली दूरदर्शनसाठी केलेली ‘सद्गती’ ही फिल्म जेमतेम पन्नासेक मिनिटांची. कथा प्रेमचंदांची, ओम पुरी, स्मिता पाटील आणि पंडिताच्या भूमिकेत आपले मोहन आगाशे. दिलासा कुठेच नाही. गाठाळ ओंडका आणि उपाशीपोटी तो फोडता फोडता मरणारा दुखी नावाचा माणूस, बस्स. रायांच्या चाहत्यांतही ती पाहिलेले कमीच. संग्राहक तिच्या मागे लागतात ते म्हणूनच.

तर गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, नाहीतर कुणाच्या माळ्यावरच्या खोक्यात तिची व्हीएचएस, म्हणजे जुनी व्हिडिओ कॅसेट दिसली, तर घ्यावी का?

नुसती पाहायची असेल तर डिस्क घ्या. व्हीएचएसवर जेमतेम 240 रेषांइतका तपशील उतरतो, डीव्हीडीवर त्याच्या दुपटीहून जास्त. प्रेताजवळ स्मिता पाटील पावसात आक्रोश करते तिथे कॅसेटवर पाऊस कुठला आणि मुंग्या कुठल्या, कळत नाही. (मला ते आवडतं, पण हा माझा आजार.)

टीव्हीवरून उतरवलेली कॅसेट असेल तर गोष्ट निराळी. ई-180 मापाच्या कोऱ्या कॅसेटवर तीन तास मावतात. फिल्म संपल्यावर उरलेल्या दोन तासांत बातम्यांचं शेपूट असेल, साबणाची जाहिरात असेल, निवेदिकेचा चेहरा असेल. डिस्क हे कधीच देणार नाही. मी पैसे मोजेन ते या उरलेल्या फितीसाठी. दुकानातून आलेल्या छापील वेष्टनाच्या कॅसेटीत मला तरी राम वाटत नाही.

आता गोव्याची हवा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे फितीची काय कथा! कॅसेटच्या खिडकीतून रिळाची कड उजेडात धरून बघा. पांढरी लव दिसली तर ‘चालते का बघूया’ म्हणून व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवायच्या यंत्रात, सारू नका. बुरशी यंत्राच्या फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढची चांगली कॅसेटही नासते. शिवाय नवे व्हीसीआर 2016 पासून बनत नाहीत. घरात गल्फहून आणलेला जुना असेल तर त्याचे रबरी पट्टे आधी तपासून घ्या. अमेरिकेहून आलेली कॅसेट एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीची असणार, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या साध्या यंत्रावर ती धड दिसणार नाही.

एवढं करून कॅसेट घेतलीतच, तर लगेच तिची डिजिटल नक्कल करून घ्या. नक्कल करणाऱ्याला बजावून सांगा, श्रेयनामावली आली म्हणून थांबू नको, फीत संपेपर्यंत चालू दे.