दुसरीच्या वर्गात जीकॉम्प्रिस, टक्समॅथ आणि टक्स पेंट: जवळपास वर्षभर वापरल्यानंतर

मुलांसाठीची ही तीन कॉम्प्युटर सॉफ्टवेअर मी वर्गात वापरली, त्यांचा हा रिव्ह्यू. झेडपीची शाळा, दुसरीचा वर्ग, तिशीच्या आसपास पोरं आणि चालू स्थितीतले कॉम्प्युटर ५. नेट कधी असतं कधी नसतं, लाईटचं तर बोलायलाच नको. त्यामुळे ज्यांच्याकडे प्रत्येक मुलाला टॅब आहे त्यांना हा रिव्ह्यू फारसा कामाचा नाही, बाकीच्यांनी वाचा.

आधी एका पेड ॲपबद्दल, नाव घेत नाही. डेमोला आलेल्या सरांनी लॅपटॉपवर दाखवलं तेव्हा सगळे खुश, गाणी काय, नाणी काय, टाळ्या वाजवणारं माकड काय. महिनाभर फुकट ट्रायल होती. पोरं पण चिकटून बसायची, पण जरा मागे उभं राहून बघितलं की कळायचं, चार ऑप्शन असतात आणि चुकलं तर परत संधी, म्हणजे चार क्लिकमध्ये उत्तर येणारच ना! एक पोरगा प्रश्न न वाचताच टक टक टक करत तिसऱ्या लेव्हलला गेला, आणि रिपोर्टमध्ये काय तर ‘उत्तम प्रगती’. त्याला वहीत ७ + ६ येत नव्हतं. तेव्हापासून कुठलाही गेम वर्गात आणायच्या आधी मी तो स्क्रीनकडे न बघता खेळून बघते, नुसतं क्लिक करत सुटायचं. तसं करून पुढे जाता आलं तर गेम बाद.

जीकॉम्प्रिस या परीक्षेत बऱ्यापैकी पास होतं. हे केडीई नावाच्या, फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाचं, २००० सालापासून चालू आहे, २ ते १० वयासाठी, शंभराच्या वर छोटे छोटे गेम आहेत, जाहिरात नाही आणि एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं. सुरुवातीला चित्र पुसायचा गेम द्या, माऊस फिरवला की वरचे चौकोन जातात आणि खालून प्राण्याचा फोटो निघतो, ज्या पोरांनी फक्त मोबाईलवर बोट फिरवलंय त्यांचा माऊसवर हात बसायला हे बेस्ट. माझ्या वर्गाचा लाडका गेम मात्र रेल्वेचा. इंजिन आणि डबे थोडा वेळ दिसतात, मग गायब, आणि खालचे डबे उचलून तश्शीच गाडी लावायची. यात अंदाजपंचे चालत नाही. शिवाय एक जण माऊसवर असतो आणि मागचे चार ‘अरे निळा, निळा आधी!’ म्हणून ओरडत असतात, म्हणजे लाईनीत उभी असलेली पोरंसुद्धा खेळतच असतात. ५ कॉम्प्युटरच्या शाळेत हा मुद्दा मला ग्राफिक्सपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

तराजूचा गेम पण छान आहे, पारडी समान करायची. पैशांच्या गेमला मी हात लावला नाही, त्या नोटा आपल्या नाहीत, त्यापेक्षा खोट्या नोटा वाटून वर्गात दुकान मांडलेलं बरं. अक्षर-शब्दांचे गेम पण सोडले कारण आम्ही ते इंग्रजीवरच चालवलं, आणि दुसरीत माझं भांडण अजून काना-मात्र्याशी चालू आहे. सेटिंगमध्ये १ ते ६ ताऱ्यांचा फिल्टर आहे तो नक्की लावा, नाहीतर पोरं भलत्याच कुठल्यातरी गेममध्ये घुसतात आणि तासिका संपते.

टक्समॅथ दिसायला जुनाट पण गणितासाठी मला हाच जास्त आवडला. वरून गणितं लिहिलेल्या उल्का पडतात, खाली पेंग्विनची इग्लू, उत्तर टाईप करून एंटर मारलं की लेझर सुटतो. ऑप्शन नाहीतच! एकदा उल्का आदळली की इग्लू वितळतो, परत आदळली की पेंग्विन निघून जातो, मग ‘बाई माझं पेंग्विन गेलं’ म्हणून कल्ला.

आणि इथे एक गंमत दिसली. ९ + १२ आलं. मुलगी मोठ्याने म्हणाली एकवीस, बरोबर, आणि बोट गेलं आधी १ वर मग २ वर. झाले १२, लेझर वाया. परत तेच. वहीत बघितलं तर ती २१ लिहिताना आधी १ लिहायची आणि मग त्याच्या डावीकडे २, तयार आकडा बरोबर दिसतो म्हणून तपासताना कधी लक्षातच येत नाही. कीबोर्डवर डावीकडे जायची सोय नाही ना. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी. बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ आणलं तेव्हा केवढा गदारोळ झालेला, मला स्वतःला आजही एकवीसच बरं वाटतं, पण अडचण खरी आहे हे त्या लेझरने दाखवलं. नंतर बघितलं तर अजून काही जण तसंच करत होते. त्यांना टक्समॅथमधल्याच ट्रेनिंग अकॅडमी या भागातल्या नुसते आकडे टाईप करायच्या धड्यांवर बसवलं, शिवाय दशक-एककाचे सुट्टे-गठ्ठे परत काढले, आता बरंच सुधारलंय. श्रेय गेमला किती आणि गठ्ठ्यांना किती ते देव जाणे.

तोटा म्हणजे स्पीड. हळू पोरं घाबरतात, एक मुलगा तर रडलाच, त्याला मी उल्का नको म्हटलं आणि टक्स पेंट दिलं. ते चित्रांचं, मराठीत पण चालतं, आणि सेव्ह करताना फाईलचं नाव विचारत नाही ही सोय कुणाच्या डोक्यातून आली त्याला सलाम. पण शिकवायला म्हणून फार अपेक्षा ठेवू नका, जादूचा ब्रश मिळाला की तासभर नुसतं इंद्रधनुष्य. मी ‘५ झाडं, प्रत्येकावर ३ फळं’ असं काहीतरी सांगते म्हणजे जरा लायनीवर राहतात.

इन्स्टॉल करणाऱ्यांसाठी: जुन्या मशीनवर जीकॉम्प्रिस अडकत असेल तर विंडोजमध्ये सेफ मोडचा वेगळा शॉर्टकट येतो त्यातून उघडा. टक्स पेंटचे स्टॅम्प वेगळे डाउनलोड करावे लागतात, आणि त्याच्या कॉन्फिगमधून प्रिंट बंद करा, नाहीतर ऑफिसातली शाई संपली की हेडसर तुम्हालाच बोलावणार.