बंगला नव्हताच! २६ जानेवारीच्या सुट्टीत गेलेले ४७,००० रुपये

आधी १४,०००, मग ५,०००, मग २८,०००. बंगल्याच्या खोट्या बुकिंगमध्ये एकूण ४७,००० रुपये गेले. आकडा सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण "किती गेले?" हे कळेपर्यंत कोणी पुढचं ऐकत नाही. कळल्यावर "अगं, पण एवढे दिलेसच कसे?" हे ठरलेलं. तेच सांगतेय.

२६ जानेवारी सोमवारी आलेली. अशा जोडून सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला खोली मिळवणं म्हणजे काय, ते पुणेकरांना मी सांगायला नको. एमटीडीसी फुल्ल, ओळखीचं लॉज फुल्ल, बुकिंग ॲपवर जे उरलं होतं त्याचे भाव बघून डोळे पांढरे व्हायची वेळ. आम्ही सात जण, त्यात दीर-जाऊ बंगळूरहून येणार, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे जिना चालणार नाही. अशात सोशल मीडियावर भिलारजवळचा बंगला दिसला. तीन बेडरूम, सगळं तळमजल्यावर, बाजूला स्ट्रॉबेरीचं शेत, रात्रीला १४,०००. पाच-सहा हजारांत मिळतोय म्हणाला असता तर मीही हसून सोडून दिलं असतं. भाव बाजाराला धरूनच होता. लोक म्हणतात, स्वस्ताला भुललीस. नाही भुलले.

फोनवरचा माणूस शुद्ध मराठी बोलत होता, "ताई, ताई" करत होता. शनिवार-रविवार दोन रात्रींचे २८,०००, निम्मे आगाऊ. १४,००० पाठवले. लगेच व्हाउचर आलं, लोगो, जीएसटी नंबर, नियम-अटी सगळं. नंतर ५,००० डिपॉझिट, चेकआउटला परत. हेही सगळीकडे घेतात.

आता तो प्रसंग, जो आठवला की अजून रात्री झोप उडते. फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, "बाल्कनीतून वेण्णा लेक दिसतो, आणि टेबललँड चालत पाच मिनिटं." सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "असं कसं गं? टेबललँड पाचगणीत, वेण्णा लेक महाबळेश्वरात. मध्ये अठरा-वीस किलोमीटर आहेत की." आणि मी त्यांना हाताने गप्प केलं. शू! का? तर तो माणूस दुसऱ्या पार्टीला देऊन टाकेल म्हणून. एजंट लोक वाढवून बोलतातच, पुण्यात "स्टेशनपासून दहा मिनिटं" म्हणून फ्लॅट विकतात ते काय खरं असतं? लहानपणापासून पसरणीच्या घाटात उलट्या करत त्या रस्त्याने गेलेली मी, मला तो नकाशा पाठ आहे. पण तेव्हा डोक्यात फक्त "बुकिंग हातचं जाईल" एवढंच होतं, आणि ही घाई त्यानेच घातली होती. "आणखी एक फॅमिली होल्डवर आहे" हे तो तीनदा म्हणाला.

जाऊबाईंनी हा "शू"चा प्रसंग फॅमिली ग्रुपवर टाकलाय. असो.

२८,००० चं कसं झालं ते नीट वाचा, कारण इथे शिकलेलेच सापडतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन. "ताई, तुमचं पेमेंट दोन तुकड्यांत आलं, सिस्टीममध्ये बुकिंग कन्फर्म होत नाहीये. एकरकमी २८,००० टाका, आधीचे १४,००० चोवीस तासांत आपोआप परत." मी अकाउंट्समध्ये काम करते. रिव्हर्सल, अडकलेली एंट्री, हे माझं रोजचं. म्हणूनच मला ते खरं वाटलं. ज्याला यातलं काही कळत नाही त्याने उलट नकार दिला असता. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव येतं, ते बंगल्याचं नव्हतं, कुणा एका बाईचं होतं. विचारलं तर म्हणे मालकीणबाई. ते नाव वाचा. पहिल्या वेळी एक नाव आणि दुसऱ्या वेळी दुसरं आलं तर तिथेच फोन ठेवा. आणि व्हाउचरवरच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. माझ्याकडच्या व्हाउचरवर ०८ होतं, म्हणजे राजस्थान. दिवसभर हेच नंबर तपासून पगार घेते मी.

शनिवारी खंबाटकी ओलांडली, सुरूर फाट्याला वळलो, वाईच्या पुढे घाटात तासभर गाड्यांची रांग. तोवर तो फोन उचलत होता, "या ताई, चहा ठेवतो" म्हणत होता. भिलारच्या बाजूला त्याने पाठवलेल्या लोकेशनवर पोचलो तर स्ट्रॉबेरीचं शेत, पाण्याची टाकी, आणि बांधावर एक दादा. बंगल्याचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "सकाळधरनं तुमची तिसरी गाडी." तिसरी! फोन लावला, ब्लॉक.

भिलार म्हणजे पुस्तकांचं गाव, ते बघायचं होतं, गाडीतूनच बघितलं. रात्री वाईला खाली उतरून दोन खोल्या मिळाल्या, प्रत्येकी ३,२००. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात नेलं, गोमुखाचं पाणी त्यांनी डोक्याला लावलं, एवढं एक काम धड झालं.

आता पुढची करमणूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार शनिवारीच नोंदवली. तुम्हीही पहिलं काम तेच करा, पैसे गेल्याचं कळल्या क्षणी, कारण पैसे त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत होल्ड लागला तरच काही वाचतं. यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतल्या त्या व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका, संतापात आमच्या ह्यांनी अर्धं केलंच होतं.

पुण्यात परतल्यावर पोलीस ठाण्यात गेले.

"बंगला कुठंय, मॅडम?"

"बंगला नाहीच आहे, हीच तक्रार आहे."

"हां, पण जागा सातारा जिल्ह्यात ना? तिकडं द्या मग."

अहो, पैसे पुण्यातल्या माझ्या ओट्यापाशी उभं राहून गेले! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यावी लागते. हे कागदावर लिहून नेलं तर साहेब म्हणाले, "एवढं वाचता, मग पैसे कसे पाठवले?" मागे बसलेले दोघं हसले. अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर नाही. साहेब बंदोबस्तात, साहेब रजेवर, साहेबांची बदली.

बँकेत तर त्याहून थोर. "पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आमची जबाबदारी नाही." ज्या बँकेत त्या मालकीणबाईंचं खातं केवायसीसकट उघडलं, त्या बँकेचीही नाही. मग केवायसी नेमकं कोणासाठी? माझ्या आईच्या पेन्शन खात्याला दरवेळी आधार, पॅन, फोटो मागून हैराण करतात, आणि या बाईंचं खातं गुपचूप उघडलं जातं!

बुकिंगआधी मालकाला व्हिडिओ कॉलवर बंगल्यातून गेटबाहेर रस्त्यापर्यंत चालायला सांगा. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही. फोटो गुगल लेन्समध्ये टाका. मी नंतर टाकले, तर तोच झोपाळा आणि त्याच निळ्या कुंड्या दुसऱ्याच राज्यातल्या एका होमस्टेच्या निघाल्या. परतावा घ्यायला पिन लागत नाही, आणि परतावा मिळावा म्हणून आधी पैसेही भरावे लागत नाहीत. घरातलं म्हातारं माणूस मध्येच काही बोललं तर ऐकून घ्या.

ते पेज नाव बदलून पुन्हा सुरू झालंय, भाव आता १६,०००. मी रिपोर्ट केलं, उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

४७,००० पैकी ६,२४० रुपये होल्डवर आहेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. वकिलांनी ७,००० सांगितले. अर्ज मीच लिहितेय, कुणी असा अर्ज केला असेल तर नमुना पाठवा.