गो शिकताना मोजणी कोणती धरावी : जपानी की चिनी?

गो हा दोघांनी काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळायचा पटावरचा खेळ. रेघांच्या छेदावर आळीपाळीने सोंगट्या ठेवणे आणि चहूबाजूंनी कोंडलेली सोंगटी उचलणे, एवढा गो सगळीकडे सारखाच आहे. फरक आहे तो डाव संपल्यावर गुण मोजण्यात. जपान आणि कोरियात आपण वेढलेल्या रिकाम्या जागा आणि पकडलेल्या सोंगट्या मोजतात. चीनमध्ये वेढलेल्या जागांबरोबर पटावर जिवंत उरलेल्या आपल्या सोंगट्याही धरतात, कैदेतल्या सोंगट्यांना मात्र किंमत नसते. सरावलेल्यांच्या डावात निकाल बहुधा एकच लागतो, त्यामुळे त्यांना हा वाद किरकोळ वाटतो. शिकणाऱ्याला तो तसा नाही, आणि माझे मत चिनी मोजणीच्या बाजूचे आहे.

समजा, ९×९ च्या छोट्या पटावर दोघांनीही पास म्हटले आहे, म्हणजे आपली चाल सोडून डाव थांबवला आहे, आणि काळ्याच्या प्रदेशात, मध्यावर, पांढऱ्याची एकच सोंगटी अडकून पडली आहे. ती मेलेली आहे, म्हणजे आता काही केल्या वाचणार नाही, हे जाणकाराला दिसते. नवख्या पांढऱ्याला ते पटत नाही. काळा ती पकडून दाखवायला गेला, तर तिच्या चारही बाजूंना स्वतःच्याच प्रदेशात चार सोंगट्या टाकाव्या लागतील, आणि पांढरा तोवर नुसता पास म्हणत राहिला तर जपानी मोजणीत काळ्याचे चार गुण फुकट जातील. १९८९ च्या जपानी नियमांत यावर तोड आहे : सोंगट्या जिवंत की मेलेल्या हे काल्पनिक चालींनी ठरवायचे आणि पट होता तसाच धरायचा. पण चाली मनात वाचता येणे, हेच तर नवशिक्याकडे नसते. चिनी मोजणीत भरलेली जागाही आपलीच राहते, म्हणून शंका असेल तिथे खुशाल खेळून बघावे, काही बिघडत नाही.

कैद्यांचा हिशेब हाही घरगुती डावात त्रासाचाच. जपानी पद्धतीत ते वाडग्याच्या झाकणात जपून ठेवायचे असतात. एखाद्या पोराने दोन सोंगट्या परत वाडग्यात टाकल्या, की मोजणी संपली. चिनी पद्धतीत त्या लगेच परत टाकल्या तरी चालते, मग सोंगट्यांऐवजी शर्टाची काळी-पांढरी बटणे मोजून-मापून घेतली तरी भागते.

जपानी मोजणीचे गुणही मोठे आहेत. ३६१ छेदांच्या पूर्ण पटावर ती हाताने लवकर होते, चालू डावात अंदाज बांधायला सोपी पडते, आणि आपल्याच प्रदेशात उगाच सोंगटी टाकणाऱ्याला गुण गमवायला लावून चांगली सवय लावते. इंग्रजीतली बरीच पुस्तके हीच पद्धत धरून लिहिलेली आहेत, त्यामुळे पुढे ती शिकावी लागणारच. मार्च २०१६ मध्ये सोलला कोरियाचा नामवंत खेळाडू ली सेडोल आणि गो खेळणारा संगणक-प्रोग्राम अल्फागो यांच्यातले सामने झाले ते मात्र, यजमान कोरिया असूनही, चिनी नियमांनी.

तिसरा मार्ग अमेरिकन गो संघटनेचा आहे. तिथे पास म्हणणारा एक सोंगटी प्रतिपक्षाला कैदी म्हणून देतो आणि शेवटचा पास पांढऱ्याचाच असावा लागतो, त्यामुळे कोणत्याही पद्धतीने मोजले तरी फरक तितकाच येतो. युक्ती सुरेख आहे, पण पहिल्याच दिवशी समजावत बसण्यासारखी नाही.

पद्धत बदललीत तर कोमीही बदला. काळा आधी खेळतो त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला मिळणारे हे गुण जपानी नियमांत साडेसहा, चिनी नियमांत साडेसात असतात. ८१ छेदांच्या पटावर चिनी मोजणीने काळ्याचे ४४ आणि पांढऱ्याचे ३७ आले, तर काळा सातने पुढे असूनही पांढरा अर्ध्या गुणाने जिंकतो. त्याच डावात शेवटची सोंगटी काळ्याने ठेवली असेल आणि मधे कोणी पास म्हटले नसेल, तर जपानी मोजणीने आघाडी सहाच भरते आणि साडेसहा कोमीने निकाल तोच राहतो. चिनी मोजणी करून साडेसहाच दिलेत, तर मात्र तोच डाव काळा जिंकतो.