बालवाडीत काम करायचंय: आधी कोर्स करू, थेट कामावर शिकू, का अंगणवाडीचा फॉर्म भरू?

सांगली-मिरजेत बारावी झालेल्या मुली, किंवा लग्न होऊन इकडं आलेल्या आणि आता स्वतःचं मूल शाळेत जायला लागल्यावर काहीतरी करायचं म्हणणाऱ्या बायका, सगळ्यांचा प्रश्न फिरून एकच असतो. लहान मुलांसोबत काम करायचंय, मग आधी माँटेसरीचा कोर्स करायचा, का एखाद्या प्लेग्रुपमध्ये हेल्पर म्हणून लागायचं आणि तिथंच शिकायचं, का अंगणवाडीची जाहिरात निघायची वाट बघायची. मी बरीच वर्षं विश्रामबागच्या बाजूला बालवाडीत काम करते आणि नवीन येणाऱ्या मुलींना तयार करायचं काम आता माझ्याकडंच असतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष कामावर शिका आणि ते वर्ष चालू असतानाच किंवा संपल्यावर कोर्सला बसा. पण ह्याला एक मोठी अट आहे, त्या वर्गात तुम्हाला शिकवणारी अनुभवी बाई पाहिजे. ती नसेल तर त्याला ट्रेनिंग म्हणू नका, कमी पगारात राबवून घेणं आहे ते, आणि त्यात मुलांचंही नुकसान होतंय.

कामावर काय शिकायला मिळतंय त्याचं एकच उदाहरण देते. जून-जुलैमध्ये नर्सरीच्या वर्गात एक पोर दुसऱ्याच्या दंडाला कडकडून चावतं. नवीन मुलगी काय करते, धावत जाऊन चावणाऱ्याला ओरडते, "सॉरी म्हण, सॉरी म्हण" करत बसते, आणि ज्याला लागलंय ते बिचारं बाजूला रडत राहतंय. अनुभवी बाई आधी लागलेल्या मुलाजवळ जाते, दंड साबण-पाण्यानं धुते, गार फडकं लावते, त्याला मांडीवर घेते. मग चावणाऱ्याच्या समोर खाली बसते, नजरेला नजर येईल अशी, आणि हळू आवाजात दोनच वाक्यं बोलते, "चावायचं नाही, दुखतंय. गाडी पाहिजे होती ना, मग 'मला दे' म्हण." सुटीच्या वेळी दोन्ही आयांना स्वतःहून सांगते, पण कुणी चावलं त्याचं नाव दुसऱ्या आईला सांगत नाही. आणि खरं काम तर दुसऱ्या दिवशी होतंय. चावणं बहुतेक वेळा डब्याच्या आधी होतंय, पोटात भूक असते आणि एकाच गाडीवर चार जणांचा डोळा असतो, हे तिच्या लक्षात आलेलं असतंय, म्हणून दुसऱ्या दिवशी ती तशाच दोन-तीन गाड्या बाहेर काढते आणि डबा जरा लवकर घेते. ही नजर तिच्या शेजारी बसूनच येते, वर्षभर, रोज. पहिल्या दिवशी गेटला धरून रडणारं मूल आईच्या कडेवरून कसं घ्यायचं, शू झालेल्या मुलाला चारचौघांत लाज न वाटू देता कसं बदलायचं, पंचवीस मुलांची मधली सुटी न ओरडता कशी संपवायची, हे सगळं असंच हातात बसतंय.

पण नुसतं कामावर शिकण्यात एक खोट आहे आणि ती मी फार जवळून बघितली आहे. आपल्या शेजारची बाई जे करते तेच आपल्याला बरोबर वाटायला लागतंय. ती चांगली असेल तर सोनं, पण ती मुलाच्या पाठीत धपाटा घालत असेल, "पोलिस येईल हं" म्हणून भीती घालत असेल, अडीच वर्षांच्या पोराचा हात धरून अ-आ गिरवून घेत असेल, तर वर्षभरात तुम्हीही तेच करायला लागता. हे चुकतंय असं सांगणारं दुसरं कोणी नसतंय. कोर्सची खरी गरज इथं आहे.

चांगल्या कोर्समध्ये वयाप्रमाणं मुलाला काय जमतं आणि काय जमणार नाही, हे नीट शिकवतात. पेन्सिलचंच घ्या. आई-बाबांना नर्सरीतच वही भरलेली बघायची असते, ही सांगलीतल्या जवळजवळ प्रत्येक शाळेची डोकेदुखी आहे. कोर्स केलेली मुलगी पेरेंट्स मीटिंगमध्ये उभं राहून सांगू शकते की बोटांचे छोटे स्नायू अजून तयार व्हायचेत, म्हणून आम्ही माती मळायला देतोय, मणी ओवायला देतोय, कागद फाडून चिकटवायला देतोय, चिमटीनं राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला लावतोय, हे सगळं लिहिण्याचंच काम आहे. नुसत्या अनुभवावर आलेल्या मुलीला हे आतून माहिती असतंय, पण इंजिनिअर बापासमोर शब्द सापडत नाहीत आणि ती गप्प बसते, मग दुसऱ्या दिवसापासून वर्कशीट चालू. मुलांसाठी भांडता यायला पाहिजे, आणि त्यासाठी डोक्यात कारणं पक्की पाहिजेत.

आता कोर्स कुठला. "माँटेसरी" हे नाव बोर्डावर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून नावावर जाऊ नका. फी भरायच्या आधी दोनच गोष्टी विचारा, सर्टिफिकेट नक्की कोण देतंय, आणि खऱ्या मुलांच्या वर्गात बसायचे तास किती. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर गोलमोल आलं आणि फायली, चार्ट, टाकाऊतून टिकाऊ एवढंच दाखवायला लागले तर उठून या. घरच्या घरी करायचं तर इग्नू ह्या मुक्त विद्यापीठाचा बाल्यावस्थेतील देखभाल आणि शिक्षणाचा डिप्लोमा आहे, बारावी पास चालतं, कमीत कमी एक वर्षाचा, इंग्रजी-हिंदीतून करता येतो, नोकरी करत करत होण्यासारखा आहे. पूर्ण वेळ द्यायची तयारी असेल तर एनसीटीईनं (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) पूर्वप्राथमिकसाठी दोन वर्षांचा डिप्लोमा ठरवून दिलाय, तशी मान्यता असलेलं कॉलेज शोधावं लागतंय. आणि एक गैरसमज तर आजच काढून टाका, माँटेसरीचा खाजगी कोर्स करून जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर शिक्षिका होता येत नाही, तिथं डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाचा डिप्लोमा) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते. ह्या गैरसमजात पैसे आणि वर्ष घालवलेल्या मुली मला भेटल्यात, वाईट वाटतं.

अंगणवाडीची वाट ह्या दोन्हींपेक्षा वेगळी. तिथं आधी निवड होते आणि मग सरकारच ट्रेनिंग देतं, म्हणजे ही पण कामावर शिकायचीच वाट आहे, फक्त काम जास्त मोठं. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, अंगणवाड्या त्याच योजनेत चालतात. अंगणवाडीत शिकवण्याबरोबर वजन-उंची घेणं, पोषण आहार, लसीकरणाच्या दिवशी नर्सताई आणि आशाताईंबरोबर उभं राहणं, गरोदर बायकांच्या घरी भेटी, हे सगळं आलं, आता मोबाईलवर पोषण ट्रॅकर ह्या ॲपमध्ये माहिती भरणं पण. आपल्याकडं बारावी पास लागतंय आणि त्याच गावची, शहरात असेल तर जाहिरातीत दिलेल्या हद्दीतली रहिवासी पाहिजे, निवड गुणांवर होते. विश्रामबागेत राहून जतच्या अंगणवाडीचा फॉर्म भरता येत नाही, हे खूप जणींना जाहिरात बघितल्यावर कळतंय. मिळतं ते मानधन, पगार नाही, आणि त्यासाठी ह्या बायका किती वर्षं मोर्चे काढतायत ते आपण बघतोच. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, ही मोठी गोष्ट झाली. २०२३ पासून 'पोषण भी पढाई भी' ह्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात सेविकांना बालशिक्षणाचं ट्रेनिंग द्यायला सुरुवात झाली, म्हणजे खिचडीपलीकडं बघायला लागलेत, उशिरा का होईना.

आणि खरं सांगायचं तर अंगणवाडीत जेवढी वेगवेगळी मुलं भेटतात तेवढी शहरातल्या प्लेग्रुपमध्ये भेटत नाहीत. जतच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारी मुलं येतात, त्यांना पहिल्या दिवशी "बा" (कन्नडमध्ये 'ये') म्हणून हाक मारली तरी चेहरा खुलतो. वाळवा, पलूसच्या बाजूला गाळप हंगामात ऊसतोडीची कुटुंबं येतात, त्यांची मुलं काही महिनेच अंगणवाडीत असतात आणि मग निघून जातात, त्यांच्याबरोबर काय करायचं हे कुठल्या कोर्समध्ये फारसं येत नाही. आपल्या महाराष्ट्रातलं बालशिक्षण अशाच मुलांमधून उभं राहिलंय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली, महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, पानं, शंख-शिंपले वापरले, आणि अनुताई वाघांनी ते काम पुढं कोसबाडला आयुष्यभर केलं. आज एखाद्या फ्रँचायझीवाल्यांनी इंपोर्टेड साधनांचा ढीग दाखवला की मला हे आठवतंच.

आता परत त्या अटीवर येते, शिकवणारी जागा ओळखायची कशी. इंटरव्ह्यूला गेलात की सांगा, मला एक सकाळ वर्गात मागं बसू द्या. जे नाही म्हणतात तिथं पुढं विचारच करू नका. बसलात की भिंतीवरची चित्रं सोडा, बाई कुठं आहे ते बघा, खुर्चीत का मुलांमध्ये खाली. मुलं मोजा. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागं एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्या दहा मुलांमागं एक असं सांगितलंय, चाळीस मुलं आणि एक टीचर दिसली तर तुम्हाला शिकवायला तिला वेळ कुठून मिळणार. टॉयलेटला मुलाबरोबर कोण जातंय, दार उघडं असतंय का, हे बघा आणि त्याचा नियम काय आहे ते सरळ विचारा, ह्यात लाजायचं काही कारण नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणं मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून गप्प बसणं हाच गुन्हा आहे, हे हेल्परला पण लागू आहे, आणि हे पहिल्या आठवड्यात समजावून सांगणारी संस्था चांगली समजा.

डब्याच्या वेळेला जरूर थांबा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडं निम्म्या डब्यांत तासगावची द्राक्षं असतात, आणि अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतंय, तसाच शेंगदाणा. बाई द्राक्षं उभी चिरून देते का, आयांना तसं सांगितलंय का, मुलं पळत पळत खातायत का बसून, एवढ्यावरून त्या शाळेचं ट्रेनिंग कळतंय. घशात काही अडकलं तर काय करायचं हे स्टाफला कुणी डॉक्टरांनी करून दाखवलंय का तेही विचारा. आमच्याकडं नवीन मुलीला हे आल्याशिवाय डब्याच्या वेळी एकटीला बसवत नाही.

पैशाचं पण उघड बोला, लहान मुलांचं काम म्हणजे पुण्याचं काम असं म्हणून बायकांना गप्प करतात आणि ते मला अजिबात पटत नाही. मे महिन्याचा पगार मिळणार का, सुट्ट्या किती, गॅदरिंगच्या वेळी संध्याकाळी थांबायचे पैसे आहेत का, ट्रेनिंग म्हणून किती महिने कमी पगार आणि त्यानंतर किती, हे कागदावर घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. ओरिजिनल मार्कलिस्ट कुणाकडं जमा करू नका. दोन-दोन वर्षांच्या बॉन्डवर सही मागितली तर घरी आणून कुणा जाणकाराला दाखवा.

कुणी काय करावं, तर पुढं स्वतःचा प्लेग्रुप काढायचाय तिनं आधी दुसऱ्याकडं वर्षभर काम केल्याशिवाय एक रुपया पण गुंतवू नये, कोर्स केलेला असला तरी. गावातच राहायचंय आणि गावची माणसं जवळची वाटतात तिनं अंगणवाडीचा फॉर्म जरूर भरावा, मदतनीस म्हणून सुरुवात झाली तरी हरकत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीची शिक्षिकाच व्हायचंय तर डी.एल.एड. ला पर्याय नाही, बाकी सगळं वेळ घालवणं. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांनी पाळणाघराचं काम पण डोक्यात ठेवा, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्यानंच करावी लागते, पण तिथं अगदी तान्ही बाळं असतात, ते काम वेगळं आणि जास्त जबाबदारीचं, त्यामुळं नवख्या मुलीनं एकटीनं घेऊ नये. आणि मुलांचा आवाज, पसारा, शेंबूड ह्यानं तुमचं डोकं उठतंय असं एक महिन्यात लक्षात आलं तर तेही कळणं चांगलंच, कोर्सची फी तरी वाया गेली नाही.

जूनपासून लागायचं असेल तर शाळा बघायला मार्चमध्येच जा. एप्रिल अर्धा झाला की बरेच प्लेग्रुप बंद होतात, मग तुम्हाला रंगवलेल्या भिंती आणि मॅडमचं ऑफिस एवढंच बघायला मिळतंय. सकाळी मुलं यायच्या आधी पंधरा मिनिटं पोचा आणि डबा होईपर्यंत बसा, बारावीची मार्कलिस्ट आणि आधारची झेरॉक्स बरोबर ठेवा, कॉटनचा साधा ड्रेस घाला, लोंबते कानातले आणि सेफ्टी पिना घरी ठेवून जा.