बेअरिंगच्या दुकानात डब्ल्यूपीएफचा लिस्टबॉक्स: काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगतो. विंडोजच्या काउंटरवर सतत बदलणारी मालाची यादी दाखवायची असेल, तर डब्ल्यूपीएफचा (विंडोजवरचे प्रोग्रॅम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं तंत्र) लिस्टबॉक्स, म्हणजे त्यातला यादी दाखवणारा घटक, अजूनही भरवशाचा आहे. २००६ सालचं तंत्र म्हणून नव्या पोरांना तो नको असतो. पण बेळगावात उद्यमबागेतल्या एका बेअरिंग-नटबोल्टच्या दुकानात गेल्या दिवाळीपासून तो रोज चालतोय, तेही जुनाट पीसीवर.

इथली यादी सरळ नाही. वस्तू हजारोंनी, शिल्लक बिलागणिक बदलणारी आणि नावं दोन लिप्यांत. खानापूर-चंदगडकडचं गिऱ्हाईक मराठीत मागतं, गोकाक-बैलहोंगलकडचं कन्नडमध्ये. दिसण्याची अडचण आली नाही, कारण निर्मला यूआय या एकाच फाँटमध्ये दोन्ही लिप्या आहेत. क्रम लावताना मात्र देवनागरी सगळी आधी, कन्नड सगळी नंतर, म्हणजे एकाच मालाची दोन नावं यादीच्या दोन टोकांना. शेवटी नावाऐवजी मालाच्या कोडवर क्रम लावला.

यादीमागचा माल ठेवायला ऑब्झर्व्हेबल कलेक्शन (आपल्यातला बदल स्वतः कळवणारा संग्रह) वापरलं की वस्तू वाढली किंवा काढली ते यादीला आपोआप कळतं. पण आहे त्याच वस्तूची शिल्लक ४० वरून ३८ झाली, तर ते त्याला कळत नाही. ती खबर त्या वस्तूच्या क्लासनेच (कोडमधल्या तिच्या व्याख्येनेच) द्यायची असते, आयनोटिफाय प्रॉपर्टी चेंज्ड ही बदल कळवायची सोय लावून. नाहीतर बिल फाटतं आणि पडद्यावर जुनाच आकडा.

वेगाचं गुपित व्हर्च्युअलायझेशनमध्ये आहे: पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी तयार होतात. लिस्टबॉक्समध्ये ते मुळातच चालू असतं, नुसत्या आयटम्स कंट्रोलमध्ये, म्हणजे यादीच्याच साध्या घटकात, नसतं. आणि हाच लिस्टबॉक्स स्टॅक पॅनेलमध्ये (घटक एकाखाली एक रचणाऱ्या चौकटीत) उभा ठेवला, की त्याला वाटतं उंचीला मर्यादाच नाही, मग तो हजारो ओळी एकदम बांधायला घेतो. एरर काही येत नाही, फक्त पीसी धापा टाकतो. ग्रिडच्या स्टार उंचीच्या, म्हणजे उरलेली जागा घेणाऱ्या, रांगेत ठेवा, प्रश्न मिटतो.

रिसायकलिंग, म्हणजे त्याच ओळी पुन्हा वापरणं, चालू केलं तर स्क्रोल आणखी मऊ होतो. खडेबाजारातल्या खानावळीसारखं, ताटं तीच, जेवणारे बदलतात. पण ताट धुतलं नाही तर आधीच्याचं उष्टं पुढच्यासमोर येतं. दुकानातल्या आधीच्या प्रोग्रॅममध्ये नेमकं हेच होत होतं. टिक ओळीतल्या चेकबॉक्सपुरतीच राहायची, वस्तूला बांधलेलीच नव्हती. चार बोल्टांवर टिक करून खाली गेलं की भलत्याच वॉशरवर खूण. मालक वैतागून विचारायचे, "हे आपलं आपण टिक कसं होऊलालंय ओ?" टिक वस्तूच्या प्रॉपर्टीला बाइंड केल्यावर, म्हणजे तिच्या माहितीशी जोडल्यावर, ते थांबलं.

सगळ्यात चिडचिड झाली ती रकमांवर. विंडोजमध्ये भारत निवडलेला असूनही यादीत १,००,००० ऐवजी १००,००० दिसायचं. बाइंडिंगमधला (अशा जोडणीतला) स्ट्रिंगफॉरमॅट, म्हणजे आकडा कसा दाखवायचा ते ठरवणारा भाग, विंडोजची सेटिंग बघतच नाही. तो एलिमेंटची (पडद्यावरच्या त्या घटकाची) लँग्वेज बघतो आणि ती मुळात अमेरिकन इंग्रजी असते. प्रोग्रॅम सुरू होतानाच ती भारतीय इंग्रजी करून टाकली, आणि लाख लाखासारखा दिसू लागला. असली गोष्ट शोधण्यात माणसाची संध्याकाळ जाते, म्हणून इथं लिहून ठेवतो.

बाकी किरकोळ. एकदम पुष्कळ वस्तू घालायची सोय ऑब्झर्व्हेबल कलेक्शनमध्ये नाही, एकेक घातली की प्रत्येकीची वेगळी खबर जाते. त्यामुळे सकाळी पूर्ण साठा भरताना नवं कलेक्शन तयार करून एकदम जोडलेलं बरं. शोधाच्या खिडकीला बाइंडिंगचा डिले (थांबा) ३०० मिलिसेकंद दिलाय, नाहीतर प्रत्येक अक्षरागणिक सगळी यादी पुन्हा गाळली जाते.

मालकांना आता हीच यादी मोबाइलवर पाहिजे. डब्ल्यूपीएफ विंडोजबाहेर चालत नाही, त्यामुळे तो पडदा वेगळ्या तंत्रात लिहावा लागणार. काउंटरवरचा मात्र मी बदलणार नाही.