रिपोर्ट हातात देऊन वाटेला न लावणारी लॅब (शंभर फुटी रोड, सांगली)

सांगलीत लॅबला काय तोटा नाय. विश्रामबागात कुठंही उभं राहून मान वळवली तर एक तरी पॅथॉलॉजीचा बोर्ड दिसतोच, आणि मिरज तर डॉक्टरांचंच गाव. रक्त सगळेच काढतात, मशीनपण थोड्याफार फरकानं सारख्याच, रेटमध्ये शे-दोनशे इकडंतिकडं. मग लॅबचा रिव्ह्यू काय लिहायचा असं वाटेल. पण या लॅबमध्ये एक गोष्ट मिळाली जी मला आजवर दुसरीकडं मिळाली नव्हती, रिपोर्ट झाला की तिथल्या एमडी पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः समोर बसवून तो वाचून दाखवतात आणि समजावून सांगतात, त्याचे वेगळे पैसे घेत नायत. शुगर किंवा कोलेस्टेरॉलसाठी जाणार असाल तर हेच मेन.

घरातनं तिघं गेलो होतो. मी, वय ४२, कुपवाड एमआयडीसीत खुर्चीवरची नोकरी. आई. आणि मिरजेचे दाजी, ज्यांची मागं एन्जिओप्लास्टी झालीय. तिघांच्या तीन तऱ्हा, त्यामुळं लॅबची परीक्षाच झाली म्हणा.

सकाळी साडेसातला गेलो तर आधीच रांग होती. रक्त घेणारी मुलगी तरबेज आहे, आईची शीर सापडत नाय म्हणून सगळीकडं तीनचारदा टोचतात, इथं एकदाच. मला काका म्हणाली, असो. सुई लावायच्या आधी ती तुमच्यासमोर प्रत्येक ट्यूबवर नाव आणि वेळ लिहिते, तुम्हाला वाचायला लावते, मगच पुढं. शुगरला करड्या टोपणाची ट्यूब, एचबीएवनसीला (मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर) जांभळ्या टोपणाची, लिपिडला (कोलेस्टेरॉल वगैरे) पिवळ्या. मी उगाच विचारलं की वेगवेगळ्या कशाला, तर तिनं नीट सांगितलं की रक्त ट्यूबमध्ये गेल्यावरपण त्यातल्या पेशी साखर खातच राहतात, नुसतंच ठेवलं तर तासाला पाच-सात टक्के शुगर कमी होत जाते, करड्या ट्यूबमधल्या फ्लोराईडनं ते हळूहळू थांबतं. हे ऐकल्यावर मला गेल्या वर्षीचं ऑनलाईन पॅकेज आठवलं. त्यांचा पोरगा घरी आला, सगळं रक्त एकाच ट्यूबमध्ये घेतलं, बॅग गाडीला अडकवली आणि अजून चार घरं करायची आहेत म्हणत उन्हातनं निघून गेला. त्या रिपोर्टात माझी फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर) ९४ आली होती आणि घरात सगळे खूश. आता ती ९४ खरी किती, देव जाणे.

त्या पॅकेजवाल्यांचं अजून एक. '८० टेस्ट' म्हणून जाहिरात असते ना, त्यात एकाच सीबीसीच्या (रक्तपेशींची तपासणी) वीसेक टेस्ट मोजतात, लिपिडच्या सातआठ, लिव्हरच्या दहाबारा. आकडा फुगतो, मला पाहिजे होती ती एचबीएवनसी त्यात नव्हतीच. या लॅबमध्ये उलटं झालं. काउंटरवर मी 'फुल बॉडी करा' म्हटलं तर मॅडमनीच विचारलं कशासाठी, घरात कुणाला शुगर आहे का, आणि फास्टिंग, पीपी (जेवल्यावरची शुगर), एचबीएवनसी, लिपिड एवढंच लिहून दिलं. बिल अकराशेच्या आत बसलं. गिऱ्हाईक स्वतःहून मोठं पॅकेज मागतंय आणि दुकानदार छोटं देतोय हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

पीपीचं सांगतो, कारण इथं निम्मी सांगली गंडते. जेवल्यावर दोन तास म्हणजे पहिल्या घासापासनं दोन तास, हात धुतल्यापासनं नव्हे. आणि जे रोज खाता तेच खायचं. दाजींचा प्लॅन होता दोन मारी बिस्किटं खाऊन यायचा, म्हणजे रिपोर्ट चांगला येईल! रक्त घेणाऱ्या मुलीनं त्यांना सरळ विचारलं, 'रोज सकाळी दोन बिस्किटांवर राहता का?' तर गप घरी जाऊन दोन भाकऱ्या आणि आमटी खाऊन आले.

संध्याकाळी सहा ते आठ मॅडम रिपोर्ट समजावायला बसतात. केबिन एवढुशी, टेबलावर शिंप्याची टेप. आत गेल्यावर आधी कंबर मोजली. माझ्या पँटचा नंबर ३४, त्यामुळं मी निवांत होतो, पण बेल्ट पोटाच्या खाली बसतो आणि टेप पोटावर, ९६ सेंटीमीटर भरलं. आपल्याकडच्या पुरुषांना ९० आणि बायकांना ८० च्या आत पाहिजे. मग त्यांनी कागदावर एक हिशोब मांडला, चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं भारतीयांसाठी केलेला रिस्क स्कोअर आहे, त्याला रक्तसुद्धा लागत नाय. वय ३५ ते ४९, २० मार्क. कंबर ९० ते ९९, १० मार्क. दिवसभर बसून काम आणि व्यायाम शून्य, ३०. आईवडलांपैकी एकाला शुगर, १०. झाले ७०. शंभरापैकी ६० किंवा त्याच्या वर गेलं की रिस्क जास्त. आयुष्यात पहिल्यांदा फर्स्टक्लास मिळाला, तोपण यात.

मग रिपोर्ट. फास्टिंग १०८, पीपी १५२, एचबीएवनसी ६.१. मॅडम म्हणाल्या डायबेटिस नाय, पण नॉर्मलपण नाय. फास्टिंग १०० च्या आत नॉर्मल, १२६ पासनं डायबेटिस, मधलं सगळं प्री-डायबेटिस. एचबीएवनसीत तेच ५.७ आणि ६.५. आणि काही त्रास नसताना एकच रिपोर्ट वाढलेला आला तर डायबेटिसचा शिक्का मारत नायत, परत तपासून बघतात. मी म्हटलं मॅडम मला तहान लागत नाय, रात्री उठावं लागत नाय, काहीच त्रास नाय. तर म्हणाल्या, 'अहो, त्रास व्हायला लागेपर्यंत शुगर बरीच वर गेलेली असते, बऱ्याच जणांना तोवर वर्षंच्या वर्षं कळत नाय.' भिंतीवर आयसीएमआरच्या (देशाची वैद्यकीय संशोधन संस्था) २०२३ साली छापून आलेल्या सर्वेचे आकडे लावलेत, देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि १३.६ कोटी माझ्यासारखे उंबऱ्यावरचे. आकडा वाचून आपल्याला कायच होत नाय, पण आपलं नाव त्या दुसऱ्या गठ्ठ्यात आहे म्हटल्यावर परत वाचला.

एचबीएवनसी का करायची तेपण कळलं. साखर हिमोग्लोबिनला चिकटून बसते, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळं मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी दिसते. चार दिवस भात सोडून, आदल्या रात्री उपाशी झोपून फास्टिंग खाली आणता येतं, हे आणता येत नाय. आमच्या सोसायटीत एका शिबिरात जेवणाच्या आधी संध्याकाळी बोटाला टोचून १३१ आली आणि तिथल्या माणसानं 'मस्त आहे, चला पुढं' म्हणून सोडलं होतं. त्या तसल्या मधल्याच वेळेच्या एका आकड्यावरनं काय कळणार.

पण मॅडमनी एचबीएवनसीचंपण देव्हारं माजवलं नाय, हे मला आवडलं. आईची ६.६ आली, आम्ही घाबरलो. त्यांनी आधी आईचं हिमोग्लोबिन बघितलं, ९.२. अंगात लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटी जास्त दिसू शकते, आणि रक्तस्राव झाला किंवा पेशी लवकर फुटत असल्या की खोटी कमी. आईची फास्टिंग १०४ आणि पीपी १४६ होती. त्यामुळं 'मावशी, तुम्हाला शुगर आहे असं मी आज म्हणणार नाय, आधी रक्त वाढवायचं डॉक्टरांना सांगा, मग परत तपासू' असं सांगून तसं रिपोर्टवर हातानं लिहूनपण दिलं. दुसरीकडं असता तर त्या ६.६ पुढं ठळक एच (हाय, म्हणजे जास्त) बघून आमच्या गल्लीतल्या लोकांनीच आईला कारल्याचा रस सुरू केला असता.

आता कोलेस्टेरॉल. माझं टोटल २०६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २१२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२८. त्या १२८ पुढं बारीक अक्षरात 'कॅल्क्युलेटेड' लिहिलंय, म्हणजे काय ते त्यांनी करून दाखवलं. टोटलमधनं एचडीएल वजा, ट्रायग्लिसराईडला पाचानं भागून तेपण वजा. २०६ वजा ३६ वजा ४२, झाले १२८. ट्रायग्लिसराईड ४०० च्या वर गेलं की हा हिशोब चालत नाय, मग एलडीएल डायरेक्ट मोजावं लागतं. माझ्याबाबतीत त्यांनी बोट ठेवलं ते ट्रायग्लिसराईड वाढलेलं आणि एचडीएल कमी या जोडीवर, पोट सुटलेल्या, शुगर वाढायला लागलेल्या माणसात ही जोडी हमखास दिसते म्हणाल्या, आणि त्याला तेलापेक्षा गोड, मैदा, भाताचा ढीग आणि दारू जास्त कारणीभूत. मी साखर सोडून गुळाचा चहा पितो हे अभिमानानं सांगितलं, तर 'शरीराला दोन्ही साखरच.' संध्याकाळचं वाटीभर भडंगपण गेलं. आणि बायकोनं मुद्दाम 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं तेल आणलंय म्हटलं तर हसल्या, कुठल्याच शेंगतेलात, सूर्यफुलात, करडईत कोलेस्टेरॉल नसतंच, ते फक्त प्राण्यांपासनं येणाऱ्या पदार्थात, मग जादा पैसे कशाचे दिले?

सगळ्यात भारी प्रकार दाजींचा झाला. त्यांचं एलडीएल ९८. रिपोर्टवर रेंज १०० च्या आत, म्हणजे एच नाय, सगळं काळ्या अक्षरात. दाजी खूश, 'बघा, मी दोन महिन्यांपासनं कोलेस्टेरॉलची गोळी अर्धी केलीय तरी नॉर्मल.' मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाल्या, ही छापलेली रेंज सगळ्यांसाठी आहे, ज्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसलाय त्यांच्यासाठी नव्हे, तुम्हाला एलडीएल ७० च्या खाली पाहिजे आणि हल्लीच्या गाईडलाईनमध्ये तर ५५ च्या खाली. जुना रिपोर्ट काढायला लावला, पूर्ण गोळी चालू असताना ६१ होतं. म्हणजे ते ६१ गोळीनं होतं, आणि दाजींनी त्याचाच अर्थ काढला की आता गोळी लागत नाय! कोलेस्टेरॉल वाढलं तर दुखत नाय खुपत नाय, त्यामुळं गोळी सोडली तरी माणसाला काहीच जाणवत नाय, कागदावरच कळतं. गोळीनं अंग दुखतं म्हणून अर्धी केली असं दाजींनी शेवटी सांगितलं, तर त्यांना एवढंच सांगितलं की हे तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा गोळी बदलून देतील, स्वतः ठरवू नका. औषध मात्र त्या अजिबात लिहून देत नायत, विचारलं तरी नाय. बरोबरच आहे, पण फॅमिली डॉक्टर नसेल तर तिथनं पुढं तुम्हीच धावपळ करायची.

मला काय सांगितलं? वजनाच्या सात टक्के कमी करा, आठवड्याला दीडशे मिनिटं जोरात चाला. अमेरिकेत २००२ साली मोठी ट्रायल झालीय, एवढं केलेल्यांत डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. वर लगेच म्हणाल्या की भारतातल्या २००६ च्या ट्रायलमध्ये असं राहणीमान बदलून २८ टक्क्यांच्या आसपासच फरक पडला, आपल्याकडं वजन फारसं नसतानाही शुगर होते. नुसता ५८ सांगून मोकळ्या झाल्या असत्या तर मला काय कळणार होतं, पण दोन्ही सांगितले. आता आमराईत चालतोय, पावसाळ्यात काय होतंय बघू.

आता नावं ठेवायच्या गोष्टी. पार्किंग शून्य, रस्त्याकडेला लावली तर मागचा हॉर्न मारून जीव घेतो. पीपीला थांबणाऱ्यांसाठी चारच खुर्च्या, त्यातली एक डुगडुगते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर मधल्या वेळात घरी परत नेणं बरं. फोन उचलत नायत, खरंच उचलत नायत. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो पण सगळा इंग्रजीत, मराठीत समजावणारा एक कागद देतात तो झेरॉक्सची झेरॉक्स, आईला एक ओळ वाचता आली नाय. एवढं चांगलं लिहिलेलं आहे, नवीन छापून घ्यायला कितीसा खर्च येतो? आणि गर्दी असली की समजावणं पाच मिनिटांवर येतं, आमच्या शेजाऱ्यांना तसंच झालं, ते काय एवढे खूश नायत. कार्ड चालत नाय, यूपीआय किंवा रोख.

ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांनी शुगर तपासणी टाळू नका, तीस वर्षांपुढच्यांची बीपी-शुगर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईंना विचारलं तरी सांगतील. तिथला रिपोर्टपण मॅडम बघून देतात म्हणे, मी स्वतः नेला नाय.

पाचापैकी चार स्टार, एक पार्किंग आणि फोनचा कापला. जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, मॅडम पहिलं तेच मागतात. रविवारी रक्त घेतात पण समजावायला मॅडम नसतात, तेव्हा शनिवारीच उरकून घ्या.