तीन महिने पेपर लावला: शब्दकोडं भारी, क्यूआर कोड बेकार, डब्याचं झाकण बसत नाही

लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे पेपर बंद झाला तो परत लावलाच नव्हता. मग जूनमध्ये पेपरवाले काका दारात आले, म्हणाले ताई नवीन स्कीम आलीये, पेपर पूर्ण बदललाय, तीन महिन्यांचे ३९९ भरा, रोज कूपन आणि शेवटी स्टीलचा डबा. डबा ऐकून आईने आतूनच सांगितलं, लाव गं. पेपरचं नाव लिहीत नाही, काकांना उगाच त्रास नको. मराठी पेपर आहे, भांडुपमध्ये सकाळी साडेसहाला दारात पडतो, एवढं पुरे.

आधी जे सगळ्यात गाजावाजा करून आणलंय ते सांगते, क्यूआर कोड. पहिल्या पानावर तीन, आत किती ते मोजले नाहीत. बातमी अर्धी छापायची आणि खाली "व्हिडिओसाठी स्कॅन करा". एकदा केला स्कॅन, तर कोड नेमका घडीवर आलेला, दोनदा पेपर ताणून धरला तेव्हा उघडला, उघडल्यावर आधी जाहिरात, मग ॲप डाउनलोड करा, मग ओटीपी. तोपर्यंत चहा गार. अरे मी फोन बाजूला ठेवावा म्हणून पेपर लावला ना, तुम्हीच परत फोनकडे का ढकलताय? आणि लेडीज डब्यात आठच्या गर्दीत एका हाताने कडी धरलेली असताना स्कॅन कोण करणार.

मुलांचं पान मात्र चांगलं आहे, हे मनापासून. एकच बातमी डावीकडे मराठीत आणि उजवीकडे इंग्लिशमध्ये. माझी लेक इंग्लिश मीडियममध्ये चौथीत आहे, ती आधी इंग्लिश वाचते, मग मराठीत तेच शोधते, "आई, महापालिका म्हणजे बीएमसी का?" वगैरे. पेपरवाले याला "अभिनव उपक्रम" म्हणतात ते वाचून हसू आलं, कारण बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच मुंबईत दर्पण काढला तो असाच होता, एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्लिश. पण कल्पना जुनी असली म्हणून काय झालं, घरात चालतेय ना.

आता शब्दकोडं. या एका गोष्टीसाठी मी पाच स्टार देईन. पूर्वी कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं असायचं, आता अर्धं पान, घरं इतकी मोठी की आईला चष्म्याशिवाय दिसतात, आणि कागद असा की शाई फुटत नाही. पहिलं शब्दकोडं १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका पेपरात आलं, पण खरी मजा आपल्या लिपीत आहे, कारण जोडाक्षराला घर एकच आणि काना-वेलांटीसकट जुळवायचं. परवा आडवा शब्द "चालाकी", शेवटचं घर की. तिथूनच उभा शब्द "किरण" सुरू. आता त्या घरात पहिली वेलांटी की दुसरी? आई म्हणे चूक त्यांची आहे, बाबा म्हणे चालतं गं, आई म्हणे अजिबात चालत नाही, वीस मिनिटं हेच. शेवटी आईने घरात दोन्ही वेलांट्या काढल्या आणि पेपरला पोस्टकार्ड टाकलं. आणि आठ दिवसांनी छापलं की हो, चूक कबूल, सोबत आईचं नाव! वाचकांनी शोधसूत्रं पाठवा असंही असतं, आईचं एक लागलं, "बसायला जागा नाही तरी सगळे चढतात (३)". लोकल. तो तुकडा बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला दाखवून झालाय.

उत्तरं दुसऱ्या दिवशीच्या अंकात, म्हणून सकाळी पेपर आधी आई घेते, मला मिळतो तो स्टेशनवर जाताना, उभ्या घडीचा. ट्रेनमध्ये आमच्या ग्रुपला शोधसूत्र मोठ्याने वाचून दाखवते, मग घाटकोपरपर्यंत सगळा कोपरा कामाला लागतो, चौथ्या सीटवरच्या अनोळखी बाईपण उत्तर सांगतात. पुरवणीवर मटार सोलायचं काम अर्थात वेगळं चालू असतं.

बाकी चमत्कार केलेत ते एक-एक दिवसाचे. एका रविवारी पान घासलं की मोगऱ्याचा वास. छान, पण दुपारपर्यंत सगळी रद्दी देवघरासारखी. २०१० मध्ये टाइम्स आणि हिंदूमध्ये फोक्सवॅगनची बोलणारी जाहिरात आली होती ती आठवते का? शेवटच्या पानाला छोटी काळी डबी चिकटवलेली, उजेड लागला की बडबड सुरू, घडी घातली की गप्प. आमच्या बाबांनी ती कपाटात ठेवली आणि कपाट उघडलं की आत कोणीतरी इंग्लिशमध्ये बोलतंय. मजा आली, पण दुसऱ्या दिवशी कोणी डबीची वाट बघत बसलं नाही. त्यापेक्षा श्रीलंकेत मव्बिमा नावाच्या पेपरने शाईत सिट्रोनेला मिसळून छापलं होतं डास पळवायला, ते आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये करा की. जपानच्या मायनिचीने तर कागदातच बिया घालून पेपर काढला, वाचून झाला की कुंडीत पेरायचा. आमच्या ग्रिलमध्ये तुळशीशेजारी जागा आहे.

आणि आता डबा. ९० पैकी ८० कुपनं तक्त्यावर चिकटवायची. जुलैत चार दिवस पेपर असा भिजून आला की कूपन कापलं तर लगदा हातात, त्याआधीच गावी गेलो तेव्हाची सात गेलेली. म्हणजे एक कमी. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून एक मागून आणलं, बदल्यात त्यांना भविष्याचं पान रोज द्यायचं ठरलं. केंद्रावर सव्वा तास रांग, आणि डब्याचं झाकण बसत नाही. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने उठतं. फोन केला तर "मॅडम, डबा एजन्सीचा आहे, पेपरचा नाही." वर तुमच्याच पेपरचं नाव कोरलंय की हो!

आईने त्यात कात्रणं ठेवलीत, झाकण नाहीतरी लागत नाही त्याला.

पुढचे तीन महिने लावलाय. यावेळी भेट चादर आहे. काकांना सांगून ठेवलंय, चादरीचं बघू नंतर, पावसाच्या दिवशी शब्दकोड्याची पुरवणी तेवढी आतल्या घडीत टाका.